सोलापूरचा वेफर: शेंगा चटणी बटाट्यावर का बसत नाही?

सातरस्ता
ज्या गावाने किंवा मुलखाने वेफरला आपली चव दिली, तिथे तो वेफर गावाचा झाला. आयर्लंडचं टायटो घ्या. 1954 मध्ये डब्लिनला जो मर्फी यांनी कंपनी काढली आणि चीज-कांद्याची चव थेट वेफरवर बसवली. 1956 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये टँड्राजीच्या किल्ल्यात थॉमस हचिन्सन यांनी त्याच नावाने दुसरी, वेगळी कंपनी सुरू केली. खरं टायटो कुणाचं, यावर तिकडचे लोक आजही हिरिरीने भांडतात. आपल्या जवळचं म्हणाल तर राजकोटचं बालाजी. 1974 मध्ये अ‍ॅस्ट्रॉन सिनेमाच्या कँटीनपासून सुरुवात, 1982 मध्ये घरच्या अंगणात तळण, आणि आज गुजरातच्या कुठल्याही टपरीवर पहिलं पाकीट त्यांचं.

सोलापुरात पेठेपेठेत वेफर तळले जातात आणि चांगले तळले जातात. चवी मात्र सगळीकडच्याच: साधा मीठवाला, मसाला, टोमॅटो, काळी मिरी. ज्या गावाची शेंगा चटणी किलोकिलोने पुण्या-मुंबईला जाते, त्या गावात शेंगा चटणीच्या चवीचा म्हणावा असा वेफर नाही. त्या नावाने जे मिळतं त्यात तिखट आणि लसणाची पूड लागते, शेंगा लागत नाही. अडचण नेमकी कुठे आहे? तळणातले जाणकार असतील त्यांनी खोलात लिहावं.

तळणघर
प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवणारा आहे. आधी हिशेब बघू. वेफरवर कोरडा मसाला वजनाच्या 6 ते 8 टक्के बसतो. 8 धरा. म्हणजे 100 ग्रॅम वेफरवर 8 ग्रॅम मसाला. त्यातून मीठ, तिखट, लसूण, जिरं, थोडी साखर वजा केली की शेंगदाण्याच्या वाट्याला जेमतेम 4 ग्रॅम येतात. भाकरीवर आपण चटणी घेतो ती चमचाभर, 10-12 ग्रॅम, आणि तीत बहुतेक शेंगाच असते. चव फिकी लागते याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण तेल. शेंगदाण्यात 45 ते 48 टक्के तेल असतं. आपली चटणी उखळात कुटतात तेव्हा ते तेल सुटतं, आणि मिरचीचा रंग नि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळणारे असल्यामुळे ते त्या तेलात उतरतात. चटणी कागदावर ठेवली की पाच मिनिटांत भोवती लालसर कडं उमटतं, ते हेच. सोलापुरी चटणीची चव त्या कड्यात आहे. आता हीच तेलकट चटणी वेफर घोळवून मसाला लावायच्या फिरत्या ड्रममध्ये टाकली तर तिचे गोळे होतात, ड्रमच्या भिंतीला थर चढतो, आणि दहा मिनिटांनी अर्धे वेफर कोरे तर अर्धे लाल निघतात. म्हणून कारखानदार तेल काढलेलं शेंगदाणा पीठ वापरतात. 12 टक्के तेलाचं असं पीठ बाजारात मिळतं. ते छान पसरतं, पण ज्या तेलात चव उतरायची ते तेलच त्यात उरलेलं नसतं. तोंडात कोरडं पीठ लागतं, मागून तिखट येतं, आणि दोन्ही एकमेकांना भेटत नाहीत.

मधला मार्ग आहे. तळून निथळलेल्या गरम वेफरवर आधी 2 टक्के शेंगदाणा तेल फवारायचं, त्या तेलात ब्याडगीचं तिखट रात्रभर मुरवून गाळून घेतलेलं असावं. मग लगेच पिठाचा मसाला. वेफर गरम असतानाच हे झालं पाहिजे. गार वेफरवर मसाला टाकला तर तो पाकिटाच्या तळाशी जातो. मसाल्याचा दाणाही बघावा लागतो: रवाळ ठेवला तर गळतो, फार बारीक केला तर हवेत उडून कामगारांच्या नाकात जातो.

कडक_भाकर
माहिती उत्तम, पण मला मुळातच हे पटत नाही. बटाटा आपला नाही. तो डीसाहून येतो, इंदूरहून येतो, आग्र्याहून येतो. आपली ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडी या ज्वारीच्या वाणाची प्रसिद्ध 35-1 ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रातली. शेंगा चटणीचा जोडीदार शतकानुशतकं कडक भाकरी आहे. सोलापूरची ओळख पाकिटात घालायचीच असेल तर ज्वारीचा पातळ कुरकुरीत तुकडा करा आणि त्यावर चटणी लावा. बटाट्याच्या मागे लागून गुजरातशी स्पर्धा कशाला?

पूर्वभाग
शतकानुशतकं म्हणताना एवढं ध्यानात घ्या, मिरची, बटाटा आणि भुईमूग तिन्ही अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या काळात आलेले. चटणी आपली झाली, तसा बटाटाही होईल.

आणि चटणी एकट्या मराठीची नाही. कानडी घरात तीच शेंगा हिंडी, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात पल्लीची पूड. कुटण्याची पद्धत, लसणाचं प्रमाण, जिरं घालायचं की नाही, सगळं घराघरात वेगळं. सोलापूरची चव म्हणून एकच घट्ट ठरवायला बसलात तर निम्मं गाव म्हणेल ही आमची नाही.

कडक_भाकर
हे मान्य. शतकानुशतकं हा शब्द मागे घेतो. ज्वारीचा मुद्दा ठेवतो.

तळणघर
ज्वारीचं करून पाहण्यासारखं आहे, पण काम सोपं नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. पिठात उकळतं पाणी घालून उकड काढली आणि ती चांगली मळली तरच ते लाटता येतं, तेही 1 मिलिमीटरच्या खाली नेलं की कडा फाटतात. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे लाटण्यापुरता चिकटपणा, जाते आणि लाटताच येत नाही; दळल्यापासून आठ-दहा दिवसांच्या आतलं घ्यावं. भाजून कडक केलेल्या तुकड्यावर तेलाचा थर नसतो, त्यामुळे मसाला बसायला वरून तेल मारावंच लागतं. शिवाय तो तुकडा कडक असतो, कुरकुरीत नसतो. दाताखाली दोन्ही वेगळे लागतात. भाकरीच्या भक्ताला तो आवडेल, शाळेच्या सुटीत पाच रुपयांचं पाकीट घेणारं पोर मात्र वेफरच मागेल.

मार्केटयार्ड
बटाट्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. वेफर बिघडतो तो निम्म्या वेळा कढईच्या आधीच बिघडलेला असतो.

भाजीचा बटाटा आणि वेफरचा बटाटा वेगळा. वेफरच्या बटाट्यात सुका अंश 20 टक्क्यांच्या वर हवा आणि क्षपणकारी साखर, म्हणजे तळताना करपणारी साखर, 0.1 टक्क्याच्या आत. कुफरी चिप्सोना-1 आणि 2 हे वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये याचसाठी दिले. पुखराज हा भाजीचा वाण घेतला तर पाणी जास्त, तेल जास्त पितो, वेफर मऊ.

यार्डात उभ्या उभ्या तपासायचं असेल तर बादलीत 10 लीटर पाणी आणि सव्वा किलो मीठ पूर्ण विरघळवून घ्या. बटाटे टाका. बुडाले ते साधारण 20 टक्के सुक्या अंशाचे किंवा वरचे, तरंगले ते भाजीचे. गोणीतून वर-खाली हात घालून 20 बटाटे काढावेत. तोंडाशी मांडलेले बघून घेऊ नये. बुडणारे 15 च्या आत असतील तर तो माल वेफरला नको.

साखरेची परीक्षा तळूनच होते. पाच बटाट्यांचा एकेक काप देठाकडून बुडख्याकडे उभा काढून तळायचा. पिवळसर एकसारखा आला तर उत्तम. कडेने तपकिरी वर्तुळ उमटलं किंवा एका टोकाला डाग आला तर साखर चढलेली. 2 ते 4 अंशांच्या शीतगृहात बटाटा ठेवला की त्यातला स्टार्च साखरेत बदलतो, म्हणून भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत बऱ्याच ठिकाणचे वेफर काळपट दिसतात. तळणाऱ्याला दोष देतात, दोष गोदामाचा असतो. वेफरचा माल 10 ते 12 अंशांवरच ठेवायला हवा. गोड झालेला बटाटा 18-20 अंशांच्या खोलीत दोन-तीन आठवडे पसरून ठेवला तर बराच सुधारतो, पण एवढी जागा आणि धीर लहान कारखान्याकडे नसतो. त्यापेक्षा पावसाळ्याच्या शेवटी पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठाराचा ताजा माल मिळतो का ते बघणं शहाणपणाचं.

तळणघर
मार्केटयार्ड यांनी लिहिलेलं प्रत्येक अक्षर खरं. एक भर: काळपट वेफर फक्त दिसायला वाईट नसतो. साखर आणि बटाट्यातलं ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल 120 अंशांच्या वर एकत्र तापलं की अ‍ॅक्रिलामाइड हे घातक रसायन तयार होतं. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे पुढे आणलं. तपकिरी वेफरात ते जास्त. मसाल्याच्या लाल रंगाखाली करपलेला वेफर लपवणं हा गिऱ्हाइकाचा विश्वासघात आहे. शेंगा चटणीचा वेफर करणाऱ्याने कोरा वेफर आधी मीठवाला म्हणून विकता येईल एवढा स्वच्छ काढावा.

लहान कढईचं प्रमाण: 20 लीटर तेलात एका वेळी 2 ते अडीच किलो काप, जाडी 1.3 ते 1.5 मिलिमीटर. काप धुऊन वरचा स्टार्च काढायचा आणि पाणी झटकायचं. तेल 180 ला असताना सोडायचं, ते खाली येतं, परत चढतं. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढायचं. बुडबुडे म्हणजे बटाट्यातलं पाणी; ते संपलं की ओलावा 2 टक्क्यांच्या आसपास आलेला असतो. चार किलो बटाट्याला एक किलो वेफर हा ढोबळ हिशेब.

पंढरीची_वाट
विषय थोडा वळवतो, पण जिल्ह्याचाच आहे. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात वेफरची मागणी असते ती उपासाची. तिथे लसूण चालत नाही. शेंगदाणा आणि लाल तिखट बहुतेक घरांत चालतं, जिऱ्यावरून घराघरात मतभेद आहेत. एकाच कढईत आणि एकाच ड्रममध्ये दोन्ही माल करणाऱ्यांनी दिवसाचा पहिला घाणा सैंधवाचा काढावा आणि लसणाचा माल शेवटी. ड्रम पुसून भागत नाही, लसणाची पूड सांध्यात बसते. गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायला लागतो. पाकिटावर ‘उपवासाचे’ छापलं की ही जबाबदारी आलीच. वारकरी विश्वासाने खातो.

वाळवण
उपासाचं निघालंच आहे तर वाळवणाचे वेफरही सांगायला हवेत. सोलापूरचं ऊन हीच खरी आपली यंत्रसामग्री. काप 2 मिलिमीटरचे, जाडच हवेत. तीन पाण्यांत धुवायचे, शेवटच्या पाण्यात तुरटी फिरवायची. उकळत्या पाण्यात मीठ घालून तीन-चार मिनिटं: काप वाकला पाहिजे पण मोडता कामा नये. कमी शिजला तर वाळताना काळा पडतो, जास्त शिजला तर उचलताना फाटतो. सकाळी आठच्या आत धोतरावर एकेक सुटा पसरायचा, दोन दिवस कडक ऊन. वाळलेला काप बोटांत धरून मोडला की टक् असा आवाज यावा. आवाज आला नाही तर डब्यात बुरशी येणार. पाच किलोचे साधारण एक किलो उतरतात. एप्रिलमध्ये करून ठेवलेले आषाढीला तळायचे.

सीनाकाठ
ही वाळवणाची माहिती आईला वाचून दाखवली पाहिजे. तुरटीचं प्रमाण किती?

वाळवण
पाच लीटरला सुपारीएवढा खडा, पाण्यात दोनदा फिरवून काढून घ्यायचा. विरघळू द्यायचा नाही, तुरट लागतं.

अक्कलकोटरोड
पॅकिंगकडे या. मुंबईत वेफर मऊ पडतो, सोलापुरात खवट होतो. आपली हवा कोरडी. उन्हाळ्यात उघडं पाकीट संध्याकाळपर्यंत कुरकुरीत राहतं, म्हणून दुकानदाराला वाटतं माल चांगला आहे. पण 42-43 अंशांत पत्र्याच्या टपरीवर टांगलेल्या पारदर्शक पिशवीतलं तेल उन्हाने आणि प्रकाशाने बिघडत असतं. दर 10 अंशांना बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. शेंगदाण्याचं तेल पामोलीनपेक्षा लवकर खवटतं, म्हणजे शेंगा चटणीच्या वेफरला दोन्हीकडून मार. आतून चकाकी असलेलं अपारदर्शक पाकीट आणि नायट्रोजन, यावाचून हा माल एप्रिल-मेमध्ये विकायला काढू नये. तळणाच्या तेलाला 1 जुलै 2018 पासून नियमही आहे, ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडताना त्यात वाढणारे घटक, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकायचं. शेंगदाणा असल्यामुळे ॲलर्जीची सूचना पाकिटावर ठळक हवी, तीही विसरू नका.

सातरस्ता
सगळं वाचून एक सुचतंय. 1920 मध्ये लंडनला फ्रँक स्मिथ वेफरच्या पाकिटात निळ्या कागदाची मिठाची पुडी टाकायचे. गिऱ्हाईक पुडी सोडून मीठ भुरभुरायचं आणि पाकीट हलवायचं. तळणघर म्हणतात की चटणी वेफरवर बसवायला गेलं की तिचं तेल काढावं लागतं आणि तेल काढलं की चव जाते. मग बसवायचीच कशाला? कोरा मीठवाला वेफर आणि आत खऱ्या कुटलेल्या चटणीची पुडी. गावात चटणी तशीही पुडीतच बांधून मिळते.

तळणघर
हे वाचून फार आनंद झाला. ड्रम, पीठ, फवारणी, सगळा खटाटोप वाचतो. 8 टक्क्यांची मर्यादाही जाते: 50 ग्रॅम वेफरला 10 ग्रॅमची पुडी देता येईल.

आता अडचणी. ताज्या लसणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. तो तसाच कुटला तर पुडी लवकर बिघडेल. लसूण बारीक चिरून मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतून किंवा वाळवून घ्यावा. अर्धा किलो भाजलेले, सोललेले दाणे, 25 पाकळ्या लसूण, 40 ग्रॅम तिखट, एक चमचा जिरं, 12-15 ग्रॅम मीठ. वेफर खारा असल्यामुळे मीठ नेहमीपेक्षा थोडं कमीच. काळे, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे हाताने निवडून टाकायचे. तिथे यंत्रावर विसंबू नये. मिक्सर लावायचा तर थांबत थांबत, दोन-तीन सेकंदांचे हिसके. सलग फिरवला की पातं तापतं, तेल एकदम सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. तो पुडीतून पडत नाही, पिळून काढावा लागतो. तेल सुटायला नुकती सुरुवात झाली की थांबायचं: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोकरला तर फुटावा.

पुडी साध्या प्लॅस्टिकची केली तर तेल झिरपून वेफरना लागेल. मोठ्या पाकिटासारखीच थरांची, चकाकीवाली, नीट सीलबंद हवी.

अक्कलकोटरोड
पुडीचं सीलच पहिल्यांदा फुटणार. भरताना चटणीचा कण सीलच्या पट्टीत अडकला की तिथून गळती. तेलकट पुडीला हे हमखास होतं. भरण्याची नळी पट्टीच्या खालपर्यंत न्यावी आणि वरचा दोन बोटं भाग रिकामा सोडावा.

पूर्वभाग
पुडीमुळे माझाही आक्षेप मिटतो. वेफर एकच, पुड्या दोन: एक जिऱ्याची, एक बिनजिऱ्याची जास्त लसणाची. नावं मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही लिपींत छापा. पंढरपूरसाठी तिसरी, बिनलसणाची.

पंढरीची_वाट
तिसरीला मनापासून अनुमोदन. तिचा रंग वेगळा ठेवा, घाईत चूक होऊ नये.

कडक_भाकर
ज्वारीचा हट्ट मी सोडलेला नाही, पण पुडी पटली. पुडी असेल तर ज्वारीच्या तुकड्यालाही तीच चालेल, म्हणजे माझं काम अर्धं झालं. आणि पाकिटावर एक ओळ छापा: पुडी वाटीत सोडा, त्यात तीन चमचे घट्ट दही. सोलापुरात चटणी दह्यातच खुलते. दही आंबट नको आणि पातळ तर अजिबात नको, वेफर बुडवल्यावर लगेच मऊ पडतो. चक्का करायची गरज नाही, फडक्यात अर्धा तास टांगलं तरी पुरे.

सातरस्ता
मग चाचणी करून बघू. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीच्या मध्याला. पुडी 45 दिवस टिकते का हे कळायचं असेल तर नोव्हेंबरच्या अखेरीस कुटायला लागेल. 50 पुड्या घरात, 50 पत्र्याखाली, दर दहा दिवसांनी पाच-पाच फोडून वास घ्यायचा. मार्केटयार्ड, त्या सुमाराला बटाटा कुठला मिळेल?

मार्केटयार्ड
नोव्हेंबरात पठाराचा शिल्लक माल असेल तर तो, नाहीतर शीतगृहाचाच. नवा जानेवारीपासून. चाचणी पुडीची आहे, तेव्हा वेफर गड्ड्याच्या आठवड्यातच तळा, नव्या बटाट्याचे. मिठाच्या पाण्याची बादली विसरू नका.